चिंचमाळ फाटकाचा फोन

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा विषय ठरवूनच लेख मागितला. 'बंद पडलेल्या चिंचमाळ स्टेशनातलं भूत.' वर लाडीगोडी अशी की, तुम्ही तिथले शेवटचे स्टेशन मास्तर, तुमच्याइतकं त्या भुताला कोण ओळखणार! मी हसलो. उभा जन्म रेल्वेत गेला, पण भूत कधी भेटलं नाही. कंट्रोलचे साहेब मात्र रोज भेटले, आणि त्यांच्यापेक्षा भूत परवडलं असतं असं पुष्कळदा वाटलं. मी नाही म्हणून कळवून टाकलं.

मग त्यांनी माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कुंडलकडच्या दोन कॉलेजकुमारांनी काढलेला. भर दुपार, लख्ख ऊन. जुन्या फाटकाची कौलारू खोली, दार अर्धवट उघडं. ते दोघं एकमेकांना ढकलत, खिदळत खोलीच्या मागच्या भिंतीला टेकतात. थोडा वेळ नुसता वारा. मग आतून एक म्हातारा, सावकाश आवाज येतो, "व्हय. फाटक बंद हाय. घ्या, अडतीस." पुढे नुसती पळापळ, आणि पोरांचे पाय.

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. बायकोनं विचारलं, "काय झालं हो? चेहरा का असा उतरला?" मी मोबाइल पालथा ठेवला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आणि तो आकडासुद्धा.

ज्यांनी रेल्वे फक्त खिडकीतून पाहिली त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. आमचं चिंचमाळ हे एकेरी मार्गावरचं लहान स्टेशन. एक कौलारू इमारत, दोन बाकडी, पिण्याच्या पाण्याची एक टाकी आणि चिंचेचं झाड मात्र एकही नाही. दिवसाला चार पॅसेंजर थांबत, बाकीच्या गाड्या धूळ उडवून जात. आमची गिऱ्हाइकं ठरलेली. जयसिंगपूरकडून येऊन इथे द्राक्षबाग घेतलेले एक जैन गृहस्थ होते, सगळे त्यांना आण्णा म्हणत. ते रोज सकाळी स्टेशनात येऊन घड्याळ लावून जात, आणि गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर मलाच झापत. "मास्तर, तुमच्या गाडीपायी माझं औषध फवारायचं चुकलं!" दुसरा एक फौजेतून सुटीवर येणारा गडी. गाडीतून उतरला की तो आधी स्टेशनच्या पाटीला कडक सॅल्यूट ठोकी आणि मगच आईच्या पाया पडे. आईची त्याबद्दल तक्रार होती. "आदी मला पडावं का त्या फळीला, मास्तर?" ती मला न्याय मागे. मी काय सांगणार! मी फळीच्याच बाजूचा माणूस.

स्टेशनपासून पाऊण मैलावर डोंगराची एक सोंड फोडून रूळ नेलेले होते. त्या खोदकामाला आम्ही कटिंग म्हणतो. कटिंग खोल, वर वळणाचं, आणि त्याच्या पलीकडच्या तोंडाशी गावातून उसाच्या मळ्याकडे जाणारा रस्ता रूळ ओलांडत होता. तिथे फाटक. गावात त्या कटिंगला 'मुकं कटिंग' म्हणत. कारण गाडी आत शिरली की तिचा आवाज आतच जिरायचा. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला गाडी ऐकू यायची ती एकदम अंगावर आल्यावरच. मी पहिल्यांदा ते अनुभवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. समोर शांतता, पाखरं ओरडताहेत, आणि दुसऱ्या क्षणी डबे.

म्हणून तिथे फोनला फार महत्त्व. भिंतीवर लाकडी पेटी, बाजूला हँडल. मी स्टेशनातून हँडल फिरवायचं, फाटकात घंटी वाजायची. माझी खूण दोन लांब आणि एक आखूड. गेटमननं उचलायचं. मी सांगायचं, "अमुक गाडी येते, फाटक बंद कर." त्यानं बाहेर जाऊन दोन्ही बाजूंचे दांडे पाडायचे, कुलूप घालायचं, परत फोनवर यायचं आणि मला एक आकडा द्यायचा. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. गेटमनपाशी छापील कागद असतो, त्यावर उलटसुलट दोन अंकी आकडे. ज्याची पाळी असेल तो आकडा बोलायचा आणि पेन्सिलीनं त्यावर काट मारायची. तो कागद दुसऱ्या कुणी बघायचा नाही. आकडा मी रजिस्टरात लिहिला की फाटक बंद आहे याची खातरी झाली. मगच सिग्नल द्यायचा. डोळ्यांनी न दिसणाऱ्या फाटकावर विश्वास ठेवायचा तो एका आकड्याच्या जोरावर. साधी पण फार शहाणी पद्धत आहे. माणसं शहाणी राहिली तर.

आमचा गेटमन मारुती. उंच, किडकिडीत, बोलायला हळू. आठ वर्षं त्या फाटकावर होता आणि आठ वर्षांत एक चूक नाही. फाटकावर पाण्याची सोय नव्हती. दुपारची पॅसेंजर यायच्या आधी तास-दीड तास रस्ता मोकळा असे. तेवढ्यात मारुती मळ्यातल्या विहिरीवर जाऊन घागर भरून आणी. पॅसेंजरच्या आधी पंधरा मिनिटं तो परत हजर आणि फाटक बंद. कधी चुकला नाही. पण मी फोन केला तेव्हा तो विहिरीवर असला की घंटी नुसती वाजत राही, आणि मला हँडल फिरवून फिरवून मनस्ताप. मग आमच्यात एक पद्धत पडली. कुणी पाडली ते आता सांगता येणार नाही, पण मी साहेब आणि तो गेटमन, तेव्हा ती माझीच म्हणायला हवी. सकाळी नऊच्या गाडीचा आकडा देताना तो दुपारच्या पॅसेंजरचाही आकडा देऊन टाकी.

"मास्तर, दुपारचा बी घ्या. छत्तीसच्या फुडं एक्काहत्तर हाय."

"घेतला. पण वेळेवर ये रे बाबा."

"आवं, येनार न्हाई तर जातो कुठं!"

आणि तो येई. हे नियमाच्या साफ विरुद्ध होतं. आकडा म्हणजे फाटक बंद झाल्याची साक्ष, आणि आम्ही ती साक्ष आदल्या गाडीलाच काढून ठेवत होतो. आठ वर्षं काही झालं नाही की माणसाला वाटतं, नियमच जरा जास्त घाबरट आहे.

उसाचा हंगाम होता. त्या सकाळी मारुतीनं मला दुपारच्या पॅसेंजरसाठी आकडा दिला, अडतीस. मी तो रजिस्टरात पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवला. बारा वाजता, सगळ्या मार्गावरच्या गाड्या हलवणाऱ्या कंट्रोलनं हुकूम सोडला की पॅसेंजरच्या आधी एक सुटं इंजिन साताऱ्याकडून खाली येतंय, न थांबवता काढा. बाजूच्या स्टेशनानं इंजिन सोडलंसुद्धा. मला फाटकाला फोन करायचा होता.

मी हँडलवर हात ठेवला. आणि मनात हिशेब आला की या वेळी मारुती विहिरीवर. फोन कोण उचलणार? आणि उचलला नाही तर नियम असा, की इंजिन स्टेशनात उभं करायचं, ड्रायव्हरला लेखी हुकूम द्यायचा की फाटकाआधी थांब, स्वतः बघ आणि मग जा. म्हणजे दहा मिनिटं गेली. कंट्रोल विचारणार, फाटक उत्तर का देत नाही? मारुती पकडला जाणार. त्याच्यामागे मीही. उलट रस्त्यावर या वेळी असतं कोण? सुटं इंजिन, एका मिनिटात पार.

मी हात काढून घेतला. सकाळचा अडतीस इंजिनापुढे शाईनं लिहिला, बारा दहा अशी वेळ टाकली, आणि सिग्नल दिला.

ऊस तोडायला म्हसवडकडून आलेला एक माणूस भरलेली बैलगाडी घेऊन फाटकात शिरला होता. इंजिन कटिंगमधून बाहेर पडलं तेव्हा त्यानं उडी टाकली. तो वाचला. बैल नाही वाचले. मी धावत पोहोचलो तेव्हा तो माणूस रुळाशेजारी मांडी घालून बसला होता आणि कासरा त्याच्या हातात तसाच होता. सगळीकडे ऊस पसरला होता. दांडे उभे होते. आणि खोलीच्या दारात मारुती उभा होता.

विहिरीवर गेलाच नव्हता तो. त्या दिवशी त्याची बायको तोडीला जाताना घागर भरून ठेवून गेली होती. तो खोलीतच होता, फोनच्या खाली, भिंतीला पाठ टेकून. म्हणाला, जरा डुलकी लागली असंल. मी हँडल फिरवलं असतं तर पहिल्या घंटीला त्यानं उचललं असतं.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. माझं रजिस्टर टेबलावर, त्याचा कागद टेबलावर. दोन्हीकडे अडतीस. साहेबांनी मला विचारलं, "फाटकाला फोन केला होता?"

मी म्हणालो, "हो साहेब. त्यानं उचलला. आकडा दिला."

वाक्य इतकं सहज निघालं की मलाच खरं वाटलं. मारुतीकडे वळून साहेबांनी विचारलं, "तू आकडा दिलास? फाटक बंद न करता?"

मारुती माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग शोधला तर सापडला नाही, आणि तेच मला आजवर पुरलंय. तो आठवायचा प्रयत्न करत होता. सकाळी आकडा द्यायची रोजची सवय, ती त्या दिवशी घडली की नाही हे कुणाला आठवणार? आणि पाणी घरून आलेलं, म्हणजे सकाळी आकडा द्यायचं कारणही नव्हतं. मास्तर खोटं कशाला बोलतील?

"मास्तर म्हनत्यात तर दिला असंल, साहेब," तो म्हणाला. "मला याद न्हाई. झोपंत दिला असंल."

त्याला कामावरून काढलं. मी वर्षभरात बदली मागून घेतली. नशीब बघा, निवृत्तीआधीची तीन वर्षं पुन्हा चिंचमाळच वाट्याला आलं. तोवर मारुतीची बायको गेली होती. तो दिवसभर फाटकावर येऊन बसतो, नवा गेटमन त्याला काही बोलत नाही, असं कानावर यायचं. त्या तीन वर्षांत मी एकदाही कटिंगच्या पलीकडे चालत गेलो नाही. गुडघे दुखतात असं सांगायचो. मग दुहेरीकरणात नवा मार्ग मैलभर लांबून गेला, जुने रूळ उचलले, आणि मीच स्टेशनला कुलूप लावून किल्ली वर पाठवली.

व्हिडिओ पाहिल्यानंतर चौथ्या दिवशी मी लोणंदहून निघालो. बायकोला सांगितलं, जुन्या मित्राला भेटून येतो. इतकंच सांगायची हिंमत झाली.

चिंचमाळला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. फलाटावर गुडघाभर गवत. पाटीवरची अक्षरं उडालेली, फक्त 'माळ' राहिलेला. माझ्या खोलीचं दार कुणीतरी उचकटून नेलेलं, आणि भिंतीवर जिथे जिथे यंत्रं होती तिथे तिथे चुन्याचे पांढरे चौकोन. मी सवयीनं माझ्या टेबलाच्या जागी जाऊन उभा राहिलो. बाहेर फलाटाच्या कडेशी आलो, तेवढ्यात गाडी आली. स्पष्ट आवाज, शिटीसकट, पायाखाली जमीन थरथरतेय. मी दचकून फलाटाच्या कडेपासून मागे सरलो. समोर रूळच नव्हते. गाडी मैलभर पलीकडे नव्या मार्गावरून जात होती, आणि वारा तो आवाज इथे आणून सोडत होता. हे कळलं, तरी आवाज विरेपर्यंत मी मागेच उभा राहिलो.

कटिंगमधून चालताना तर तोही आवाज नाही. खडी तशीच पडलेली, तिच्यातून बाभळी उगवलेल्या. दोन्ही बाजूंनी खडक, वर आभाळाची पट्टी. माझ्या पावलांचाही आवाज मला ऐकू येईना. मी एकदा खाकरलो, फक्त मी आहे याची खातरी करायला. टेलिफोनचे खांब उभे होते. तार नव्हती, एकाही खांबावर.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत मारुती, भिंतीवर तशाच राहिलेल्या फोनखाली, पाठ टेकून बसला होता. पांढरी दाढी, स्वच्छ धुतलेला शर्ट. त्याची पाठ माझ्याकडे नव्हती, तरी त्यानं मला पाहिलं नाही. मी हाक मारणार तोच तो ताडकन उठला, जसं कुणी बोलावलं. रिसीव्हर उचलून कानाला लावला. घंटी वाजली नव्हती. मी शपथेवर सांगतो.

"व्हय मास्तर," तो म्हणाला. मग थांबून ऐकलं. "व्हय, व्हय. दांडं पाडल्यात, कुलूप बी घातलंय. फाटक बंद हाय. घ्या मास्तर, अडतीस."

मी दारात उभा होतो आणि तो माझ्याशी फोनवर बोलत होता.

माझ्या हातातली पिशवी पडली. मारुतीनं वळून पाहिलं. त्यानं मला ओळखलं. मग हातातल्या रिसीव्हरकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"मास्तर, तुमी हितं," तो म्हणाला. "मग ह्यो कोन बोलतोय?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. हँडलवर ठेवलेला हात, तो काढून घेतला ते, सकाळचा आकडा, शाई, चौकशीतलं वाक्य. मला वाटलं होतं बोलताना रडू येईल. आलं नाही. रजिस्टर वाचून दाखवावं तसं बोललो. तो रिसीव्हर छातीशी धरून ऐकत होता.

"म्हंजी त्या दिशी घंटी वाजलीच न्हाई?"

"नाही."

"मी उचललाच न्हाई?"

"नाही, मारुती. मी फोनच केला नाही."

"आन् अडतीस?"

"तू सकाळी दिला होतास. पॅसेंजरसाठी."

त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला, अगदी अलगद. "मी आजवर हेच धुंडत बसलो, मास्तर," तो म्हणाला. "म्हनलं, झोपंत फोन उचलतो, बोलतो, आन् मला कळत बी न्हाई. मग आनी काय काय केलं आसंल म्या झोपंत? बायकूजवळ निजाया सुदिक घाबरायचो मी, म्हंजी माजंच मला भ्या. रोज हितं येतो. म्हनलं, एकदा तरी घंटी वाजताना सावध सापडावं. मग वाजाया लागली. रोजच वाजाया लागली." तो माझ्याकडे झुकला. "मी खुळा न्हाई न्हवं?"

"नाही."

त्यानं मान हलवली. बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. मी माफी मागितली, तिच्याकडे त्यानं लक्षच दिलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाला, "एकदा फोन कराया पायजे हुता, मास्तर. मी हुतो की हितं."

मी पडलेली पिशवी उचलली.

निघताना त्यानं मला थांबवलं. "रजिस्टरात लिवलं म्हनून खरं झालं. मास्तर, तुमी नुसतं सांगून जाताय. लिवा कुठंतरी. छापील पायजे. माजी लेक वाचून दावंल मला."

म्हणून संपादकमहाशय, हा घ्या लेख. भुताचा विषय तुम्ही दिलात, तो मी पाळलाय असं मला वाटतं. आणि मारुतीच्या लेकी, हे पुढचं बापाला सावकाश आणि दोनदा वाचून दाखव. चिंचमाळ स्टेशन. सुटं इंजिन, बारा वाजून दहा मिनिटं. फाटकाला फोन केला नाही. गेटमन जागेवर हजर होता. आकडा त्यानं त्या वेळी दिलेला नाही. चूक स्टेशन मास्तरची.

मारुतीच्या लेकीचा परवा फोन आला होता. बाबा आता फाटकाकडे जात नाहीत, म्हणाली. दुपारी जेवून घरी झोपतात, गाढ झोपतात. मला फार बरं वाटलं.

फक्त चिंचमाळहून परतल्यापासून बारा वाजून दहा मिनिटं झाली की मला घरात घंटी ऐकू येते. दोन लांब, एक आखूड. बायकोला येत नाही. लांबून येते, कटिंगच्या पलीकडून आल्यासारखी, आणि वाजत राहते. मारुती तिथे नाही, त्यामुळे ती आता कुणीच उचलत नाही.